कर्करोग परत येणार का? यकृत प्रत्यारोपणातल्या जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

जुलै १९६७मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरला शल्यविशारद थॉमस स्टार्झल यांनी जेमतेम दीड वर्षाच्या एका मुलीचे यकृत बदलले. माणसातले यकृत प्रत्यारोपण खऱ्या अर्थाने यशस्वी झाले ते इथे. मुलगी वर्षभराहून अधिक जगली. ती गेली तेव्हा नवे यकृत निकामी झालेले नव्हते. जुन्या यकृतातला कर्करोग शरीरभर पसरला होता.

पुढची दोन दशके हेच पुन्हा पुन्हा दिसले. गाठ इतकी मोठी की कापून काढता येत नाही, मग अख्खे यकृतच बदला, असा हिशेब होता. पण शरीरात आधीच निसटलेल्या पेशी मागे राहत, आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असल्याने त्यांना रान मोकळे मिळे. मृत दात्यांची यकृते आधीच दुर्मीळ, त्यामुळे अनेक केंद्रांनी अशा रुग्णांना नाव नोंदवायलाच नकार दिला.

वाट सापडली ती जवळजवळ योगायोगाने. सिरोसिससाठी, म्हणजे यकृत कठीण होऊन निकामी होण्याच्या रोगासाठी, काढलेल्या यकृतांत कधीकधी कुणाच्या ध्यानीमनी नसलेली बारीक गाठ निघे, आणि ते रुग्ण ठणठणीत राहत. १९९३मध्ये पॅरिसजवळच्या बिस्मुथ यांच्या गटाने लहान गाठींत गाठ कापून काढण्यापेक्षा प्रत्यारोपण सरस ठरते हे दाखवले. १९९६मध्ये मिलानच्या माझाफेरो यांनी सीमा आखली: एकच गाठ असेल तर ५ सेंमीपर्यंत, जास्तीत जास्त ३ असतील तर प्रत्येक ३ सेंमीपर्यंत, आणि मोठ्या रक्तवाहिनीत शिरकाव नको. रुग्ण अवघे ४८, पण ४ वर्षांनी ७५ टक्के जिवंत होते. एवढ्या छोट्या अभ्यासाने जगभरचा नियम ठरवावा, हे वैद्यकात विरळाच.

नियम सोपा होता म्हणून टिकला, आणि टीका झाली तीही त्याच सोपेपणावर. रोग परत येण्याची खरी खूण म्हणजे सूक्ष्म रक्तवाहिन्यांत घुसलेल्या कर्कपेशी. त्या दिसतात यकृत काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावर, म्हणजे निर्णय होऊन गेल्यानंतर. गाठीचा आकार ही त्यांची केवळ बाहेरून दिसणारी सावली. २००१मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गटाने एका गाठीची मर्यादा ६.५ सेंमीपर्यंत वाढवली. २००९मध्ये खुद्द माझाफेरो यांनीच गाठींची संख्या आणि सर्वांत मोठीचा सेंमीतला व्यास यांची बेरीज जास्तीत जास्त ७, असे सूत्र मांडले. तरीही मोजमाप सेंटिमीटरचेच राहिले.

बदल झाला तो एएफपी या, यकृताच्या कर्करोगात अनेकदा वाढणाऱ्या रक्तातल्या प्रथिनामुळे. २०१२मध्ये फ्रान्समधल्या दुव्हू यांच्या गटाने आकार आणि संख्येला एएफपीची जोड देऊन गुण ठरवले. एएफपी मिलिलिटरमागे १००० नॅनोग्रॅमच्या वर असेल तर तेवढ्यावरच रुग्ण धोक्याच्या गटात जातो. जपानने ५ सेंमी, ५ गाठी, ५०० एएफपी असा नियम केला. अमेरिकेने २०१५पासून यकृताच्या कर्करोगासाठीचे वाढीव प्राधान्य सहा महिने थांबल्यावरच द्यायला सुरुवात केली. उद्देश रांगेतल्या इतरांना न्याय देण्याचा होता, पण या काळात आक्रमक गाठ आपले रूप दाखवते, हा फायदाही झाला.

भारतात चित्र वेगळे. इथले यकृत बहुतेकदा घरच्याच माणसाकडून येते, त्यामुळे रांगेतल्या दुसऱ्या कुणाचा हक्क जात नाही आणि अनेक केंद्रे मिलानची सीमा ओलांडतात. मात्र दाता तयार असला की वाट पाहण्याचा काळही उरत नाही. म्हणून सीमेबाहेरच्या रुग्णात आधी गाठीवर उपचार करून, एएफपी उतरतो का हे काही काळ मुद्दाम पाहिले जाते. तोवर नातेवाइकांचा प्रश्न एकच असतो: दाता तयार आहे, मग थांबायचे कशाला?