पांढरे रोही: वाळवंटी कुरंग खासगी कुंपणात कसे आले

कारंजा तालुक्यातल्या एका फाट्यावर, चहाच्या टपरीवर, गेल्या हिवाळ्यात एका पोरानं मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. टेक्सासातलं कुठलंसं रँच. एक माणूस पिकअपच्या मागच्या बाजूनं खुराक सांडत चाललाय आणि त्याच्यामागं पन्नासेक पांढरी जनावरं, मानेवर तांबूस झाक, शिंगं तलवारीसारखी मागं वळलेली. शेजारी बसलेले काका नुकतेच जागलीवरून आले होते, मफलर अजून कानाला होता. त्यांनी फोन हातात घेऊन नीट पाहिलं, परत दिला आणि म्हणाले, "हे पांढरे रोही तिथं लोकं पैसे देऊन पोसून राहिले, अन् आपल्या इथं फुकटात तूर खाऊन राहिले." पोराचा प्रश्न वेगळाच होता: "आपल्याले पाळता येते का हो हे?"

उत्तर एका शब्दाचं आहे, नाही. त्यामागची कथा मात्र लांब आहे आणि ती इजिप्तपासून सुरू होऊन आपल्या ई-क्लास, म्हणजे गावाच्या सरकारी चराईच्या, जमिनीपर्यंत येते.

आधी नावांचा घोळ. आपण चितळालाही हरण म्हणतो आणि काळविटालाही. चितळ-सांबराची शिंगं दरवर्षी गळतात नि नवी येतात. काळवीट, चिंकारा, चौसिंगा, रोही म्हणजे नीलगाय, यांची शिंगं आयुष्यभर तीच राहतात, आतून हाड, वरून खोळ, गाई-बकरीसारखी. हे सगळे कुरंग. व्हिडिओतलं जनावर सिमिटर ऑरिक्स, सहाराच्या काठावरचं. त्याचे सोबती दोन: पिळदार शिंगांचा अ‍ॅडॅक्स, जो भर वाळूत राहतो, आणि लांब मानेची डामा गझेल. चौथा अरबस्तानातला, सरळ शिंगांचा अरबी ऑरिक्स. काकांनी त्यांना रोही म्हटलं ते फार चुकलं नाही, नातं लांबचं असलं तरी आहे.

माणसानं कुरंग बांधून ठेवणं नवं नाही. इजिप्तमध्ये सक्कारा इथल्या चार हजार वर्षांहून जुन्या थडग्यांच्या भिंतींवर ऑरिक्स आणि अ‍ॅडॅक्स दावणीला बांधून चारा खाताना कोरलेले आहेत. ते पुढं गाय-बकरीसारखे घरचे झाले नाहीत, हा भाग वेगळा. आपल्याकडे मोगलांनी काळवीट शिकवले. पाळीव नराच्या शिंगांना फास बांधून त्याला रानातल्या कळपाकडे सोडायचं, जंगली नर भांडायला आला की शिंगं अडकतात. जहांगीराचा असा एक लाडका, मनसराज नावाचा, मेल्यावर त्याच्या आठवणीत शेखुपुऱ्याला हिरन मिनार उभा राहिला. तो आज पाकिस्तानात आहे.

आपल्या वऱ्हाडातल्या फासेपारध्यांची रीत साधी होती. शिकवलेल्या गाईच्या आडोशानं चालत कळपाजवळ जायचं आणि वाटेवर फास मांडायचे. गाय चरते आहे असंच काळविटाला वाटतं.

खरी उलथापालथ झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. अरबस्तानात तेलाचा पैसा आला, त्यासोबत जीप आल्या, स्वयंचलित बंदुका आल्या. तोवर उंटावरून ऑरिक्स गाठणं हे दिवसांचं काम होतं. जीपमधून ते तासाभराचं झालं, आणि अरबी ऑरिक्स भराभर संपला. १९६२ मध्ये फॉना प्रिझर्वेशन सोसायटी या ब्रिटिश संस्थेनं मेजर इयान ग्रिमवुड यांना एडनच्या (आजच्या येमेनमधल्या) पूर्वेकडच्या वाळवंटात पाठवलं. हाती लागले फक्त चार, तीन नर नि एक मादी. त्यातला एक नर मेला. त्याच्या अंगात आधीच गोळी होती. उरलेले तीन, लंडन प्राणिसंग्रहालयातला एक, कुवेतच्या शासकाकडचा एक आणि सौदी राजाकडचे चार, अशी नऊ जनावरं अमेरिकेत अ‍ॅरिझोनामधल्या फिनिक्स प्राणिसंग्रहालयात गोळा झाली. हवा कोरडी आणि उष्ण, म्हणून फिनिक्स. या नवांना जागतिक कळप असं भारदस्त नाव मिळालं.

इथं एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. नवांपैकी पाच शेखांच्या आणि राजांच्या खासगी वाड्यांतून आले होते. त्याच वर्गातल्या लोकांच्या शिकारीच्या ताफ्यांनी वाळवंट रिकामं केलं होतं.

१९७२ मध्ये ओमानच्या जिद्दत अल-हरासीस पठारावरचे शेवटचे रानटी ऑरिक्स संपले. दहा वर्षांनी, १९८२ मध्ये, त्याच पठारावर फिनिक्सच्या कळपाची पिलावळ सोडली गेली. राखणीला तिथल्याच हरासीस टोळीची माणसं नेमली, जी त्या पठाराचा दगड न् दगड ओळखत होती. कळप वाढत गेला, १९९६ पर्यंत साडेचारशेच्या घरात. आणि मग चोरटी शिकार सुरू झाली, तीही मारण्यासाठी नव्हे. जिवंत धरून, विशेषतः माद्या आणि पिल्लं, परदेशातल्या खासगी संग्रहांना विकण्यासाठी. काही वर्षांत संख्या ६५ वर आली, पैदाशीच्या जोड्या जेमतेम चार. ओमान सरकारनं तेल-वायूच्या शोधासाठी अभयारण्याचा नव्वद टक्के भाग कमी केला आणि २००७ मध्ये युनेस्कोनं ते जागतिक वारशाच्या यादीतून काढून टाकलं. यादीतून नाव कमी होण्याची ती पहिलीच वेळ.

तरी जनावर वाचलं, कारण एव्हाना ते अनेक ठिकाणी होतं: सौदीत, जॉर्डनमध्ये, अमिरातींत, कतारात, अमेरिकेत. २०११ मध्ये आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं त्याला 'असुरक्षित' गटात आणलं. एकदा रानातून नामशेष झालेलं जनावर तिथवर वर येण्याचं हे पहिलं उदाहरण.

आता टेक्सास. तिथल्या रँचवाल्यांनी परदेशी जनावरं आणायला सुरुवात केली ती १९२०-३० च्या दशकांत, आणि आणली कोणती? आपलीच. दक्षिण टेक्सासात किंग रँचवर रोही सोडले, १९३२ मध्ये एडवर्ड्‌स पठारावर काळवीट. दोन्ही तिथं इतके फोफावले की आज रोही त्यांना डोईजड झालाय. गुरांना ताप आणणारे गोचीड तो अंगावर घेऊन फिरतो, त्यामुळे गुरेवाल्यांचा त्याच्यावर राग. काकांना हे सांगितलं तेव्हा ते खुर्चीवर मागं रेलून हसले. आणखी गंमत म्हणजे पाकिस्तानातले काळवीट संपले तेव्हा लाल सुहानराच्या संरक्षित क्षेत्रासाठी जनावरं टेक्सासातून आली.

दुष्काळ आणि गुरांच्या भावातली चढउतार यांनी रँचवाल्यांना दुसऱ्या उत्पन्नाकडे ढकललं. प्राणिसंग्रहालयांत जास्त झालेली जनावरं त्यांनी विकत घेतली. सिमिटर ऑरिक्स १९७९ मध्ये तिथं ३२ होते, २०१० मध्ये ११,०३२. त्याच वर्षीच्या मोजणीत अ‍ॅडॅक्स ५,११२ आणि डामा गझेल ८९४. हे आकडे रँचवाल्यांच्या संघटनेनंच गोळा केलेले आहेत, तेवढं ध्यानात ठेवायचं. पण जनावरं भरपूर होती यात वाद नाही. सहारात तोवर सिमिटर ऑरिक्स एकही उरला नव्हता. २००० मध्ये तो रानातून नामशेष म्हणून नोंदला गेला.

एवढी वाढ झाली ती शिकाऱ्यांच्या पैशावर. कळपातले जादा नर शिकारीला विकायचे, एकेका नराचे हजारो डॉलर, आणि त्या पैशातून बाकीचा कळप पोसायचा. यावरूनच कायद्याचं भांडण झालं. २००५ मध्ये अमेरिकेनं तिन्ही जातींना संकटग्रस्त ठरवलं, पण कुंपणातल्या कळपांना सूट दिली. प्राणिहक्कवाले कोर्टात गेले, २००९ मध्ये कोर्टानं सूट बेकायदा ठरवली, आणि एप्रिल २०१२ पासून शिकारीला किंवा दुसऱ्या राज्यात विकायला परवाना लागू लागला. भाव पडले, अनेकांनी कळप कमी केले. २०१४ मध्ये संसदेनं खर्चाच्या विधेयकात एक कलम घालून सूट परत आणली.

एखादी जात मारण्यासाठीच वाढवायची, हे मला आजही गिळायला जड जातं. पण ज्या दोन वर्षांत परवाना लागला त्या दोन वर्षांत कळप घटले, हेही खरं. आकड्यांकडे डोळेझाक करून बोलता येत नाही.

कुंपणात ठेवण्याचं काम मात्र दिसतं तितकं सोपं नाही. ऑरिक्सचा नर दुसऱ्या नराला शिंगानं भोसकून मारू शकतो, म्हणून गाडीत चढवताना शिंगांवर रबरी पाइपचे तुकडे चढवतात. तबेल्यातल्या माणसाला पाठ फिरवून उभं राहायची परवानगी नसते. मादी साडेआठ महिन्यांच्या आसपास गाभण असते, एकच पिल्लू देते, आणि पिल्लू पहिले काही आठवडे आईपासून लांब गवतात लपून बसतं. आई फक्त पाजायला येते. नवख्या माणसाला वाटतं आईनं टाकलं, तो उचलून आणतो आणि घोटाळा होतो.

दुसरी अडचण रक्ताची. नऊ-दहा जनावरांपासून कळप उभा राहिला की नातं जवळचं होत जातं. आपल्याकडे वर्ध्याच्या बाजूला गवळाऊ गाई राखणारा जाणता माणूस चार-पाच वर्षांनी सांड बदलतो, कारण त्याच्याच पोरी कळपात आलेल्या असतात. प्राणिसंग्रहालयं हेच काम वंशावळीच्या नोंदवहीनं करतात, कोणाची जोडी कोणाशी हे जगभरातून ठरतं. रँचवर बहुधा नोंदवही नसते. अमुक नर कुठून आला, कोणाचा, काही पत्ता नाही. म्हणून टेक्सासातले हजारो ऑरिक्स कागदावर जेवढे मोलाचे दिसतात तेवढे पैदाशीच्या हिशेबात नसतात.

आणि हवा. सिमिटर ऑरिक्स उन्हात अंगाचं तापमान ४६ अंशांपर्यंत चढू देतो, घाम गाळून पाणी घालवत नाही. म्हणजे अकोल्याचा मे त्याच्यासाठी अडचण नाही. अडचण जुलैची. वाळू नि खडकावर झिजण्यासाठी बनलेले खूर ओल्या जमिनीवर झिजत नाहीत, वाढत जातात, जनावर लंगडतं. ओल्या गवतातून पोटात जंत जातात. पऱ्हाटीच्या वावरात पावसाळ्यात आपलाच पाय घोट्यापर्यंत रुततो, तिथं अ‍ॅडॅक्सचं काय होईल याचा अंदाज पोरानंही केला असेल.

इतक्या खटाटोपाचं फळ दिसलं ते चाडमध्ये. अबुधाबीच्या पर्यावरण संस्थेनं अमिराती, युरोप, अमेरिका इथून वेगवेगळ्या रक्ताचे सिमिटर ऑरिक्स गोळा केले, कळप वाढवला, आणि २०१६ मध्ये पहिली २५ जनावरं विमानानं चाडला नेली. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात त्यातल्या बहुतेकांना ऊआदी रिमे-ऊआदी अशीम अभयारण्यात मोकळं सोडलं. पावसाळाच का, तर तेव्हा चारा हिरवा असतो. पुढं तिथंच पिल्लं झाली, संख्या शेकड्यांत गेली, आणि २०२३ मध्ये 'रानातून नामशेष' हा शिक्का निघाला. अ‍ॅडॅक्सही तिथं सोडले गेलेत, पण रानातले मूळ अ‍ॅडॅक्स आता नायजरच्या वाळवंटात मोजकेच.

आता पोराच्या प्रश्नाकडे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्या देशात रानटी जनावर सरकारचं. काळवीट, चिंकारा, चौसिंगा पहिल्या अनुसूचीत, सर्वात कडक संरक्षणात. परदेशी जनावरांबाबत बरीच वर्षं ढिलाई होती. जून २०२० मध्ये केंद्रानं सांगितलं की ज्याच्याकडे असतील त्यानं सहा महिन्यांत स्वतःहून नोंद करावी, कागदपत्रं विचारणार नाही. मग २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या (साइटीस) जाती आपल्या कायद्यात आल्या. वर सांगितलेले चारही कुरंग त्या कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे व्यापारासाठी आणणं बंद. प्राणिसंग्रहालय म्हणून ठेवायचे तर केंद्रीय प्राणी संग्रहालय प्राधिकरणाची मान्यता हवी. जामनगरचं वनतारा खासगी पैशावर उभं आहे, त्यालाही ती मान्यता लागते.

आमच्या भागात मात्र खासगी जमिनीवरच कुरंग वाढतायत, मालकी नसताना. वाशीम जिल्ह्यातलं कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य २००० सालचं, जेमतेम १८ चौरस किलोमीटरचं. काळवीट तेवढ्यात मावत नाहीत. ते निघतात ई-क्लासच्या गवतावर, गायरानावर, आणि ते गवत अतिक्रमणात नि नांगराखाली गेलं की वावरात. काही ठिकाणी फासेपारध्यांच्या बेड्यांवरचीच (वस्त्यांवरचीच) माणसं आता पडीक गवताळ जमीन राखतात. पूर्वी जे फास मांडायचे तेच आज चराई नि वणवा रोखतात. समृद्धी महामार्गही अभयारण्याच्या अंगावरून गेला, म्हणून जनावरांसाठी वाटा ठेवाव्या लागल्या.

नुकसान झालं तर वनरक्षक, तलाठी, कृषी सहायक येऊन पंचनामा करतात आणि भरपाई मिळते, कधी लवकर, कधी पुढच्या पेऱ्यानंतर. मध्य प्रदेशात शाजापूर जिल्ह्यात २०२५ मध्ये आफ्रिकेतल्या बोमा पद्धतीनं, हेलिकॉप्टरनं हाकत नसराळ्यासारख्या निमुळत्या होत जाणाऱ्या कुंपणात आणून, शेकडो काळवीट पकडले आणि अभयारण्यांत नेऊन सोडले. शेतकऱ्यांच्या तक्रारींवरून हे झालं, हे ऐकून टपरीवर सगळेच कान टवकारून बसले. आपल्या इथं कधी, असं एकानं विचारलंही.

काकांनी चहाचे पैसे दिले, बॅटरी तपासली. धुऱ्यावर जुन्या साड्या बांधल्यात, झटका मशीन लावलंय, तरी रोही मधूनच उडी मारतो, असं म्हणत ते उठले. हरभरा घाटे धरत होता, आणि त्या रात्री जागल पुन्हा त्यांचीच होती.