उन्हाळ्यात टायरची हवा कमी करून निघताय? आधी हे वाचा

मे महिना आला की सुट्टीत गावी जायचे बेत ठरतात आणि गाडी न्यायची म्हटलं की घरातलं कोणीतरी जाणतं माणूस हमखास सांगतं, "उन्हाळा आहे, टायरमध्ये दोन-तीन पॉइंट कमीच ठेव, गरम होऊन फुटेल." हवा भरणारे पण बऱ्याचदा हेच सांगतात. ऐकायला एकदम पटतं, कारण तापलेली हवा फुगते हे आपण सगळेच शाळेत शिकलोय. पण लांबच्या रस्त्याला, आणि त्यात समृद्धी महामार्गावर जायचं असेल तर हा सल्ला अगदी उलटा आहे, जिवावर बेतू शकतो. म्हणून जरा आकडे घेऊन बघू.

समजा पुण्यात पहाटे २५ अंश तापमान आहे आणि टायरमध्ये ३३ पॉइंट, म्हणजे ३३ पीएसआय हवा आहे. गेजवर दिसतो तो फक्त बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब, बाहेरचा साधारण १४.७ धरला तर आतला खरा दाब झाला ४७.७. टायरचा आकार फारसा बदलत नाही, त्यामुळे आतली हवा तापली की दाब तापमानाच्या प्रमाणात वाढतो, फक्त हे तापमान केल्व्हिनमध्ये घ्यायचं, म्हणजे अंशांत २७३ मिळवायचे, २५ अंशांचे होतात २९८. आता दुपारी विदर्भात पोचेपर्यंत टायरच्या आतली हवा ६५ अंशांवर गेली असं धरा, म्हणजे ३३८ केल्व्हिन. गुणाकार-भागाकार केला की खरा दाब येतो ५४ आणि गेजवर दिसतात साधारण ३९. चाळीस अंश वाढले तरी दाब सहाच पॉइंट वाढला! टायरच्या साइडला बारीक अक्षरात मॅक्स प्रेशर लिहिलेलं असतं, बऱ्याच कारच्या टायरवर ते ४४ किंवा ५१ असतं आणि ते पण थंड टायरचं. चालताना हा दाब वाढणार हे कंपनीने आधीच धरलेलं असतं. धडधाकट टायर त्या सहा पॉइंटांनी फुटत नाही.

मग फुटतो कशाने? बहुतेक वेळा हवा कमी असल्याने.

गाडीचं वजन टायरवर येतं तेव्हा जमिनीला टेकलेला भाग चपटा होतो आणि त्याच्या वरची साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत वाकते, चाक फिरलं की ती परत सरळ होते. रबर वाकवायला जेवढी ऊर्जा लागते तेवढी ते सरळ होताना परत देत नाही, उरलेली उष्णता होऊन आतच राहते. लोखंडी तार मागेपुढे वाकवून तोडताना जशी बोटाला चटका देते, तसंच. साध्या हॅचबॅकच्या चाकाचा घेर पावणेदोन-दोन मीटर असतो, म्हणजे १२० च्या स्पीडला ते सेकंदाला सतरा-अठरा वेळा फिरतं आणि साइडवॉलचा प्रत्येक भाग सेकंदाला तेवढ्याच वेळा वाकतो, तासाभरात साठ हजारांच्या वर. हवा पाच-सात पॉइंट कमी असली की प्रत्येक वेळी तो जास्त वाकतो, जास्त तापतो. वाऱ्याने थोडा थंड होतो, पण तो वाराच ४५ अंशांचा असला तर कितीसा होणार. टायरच्या आत रबराला चिकटवलेले दोऱ्यांचे आणि स्टीलच्या तारांचे थर असतात. रबराचं तापमान शंभरीच्या पुढे जायला लागलं की ही पकड सैल पडत जाते, थर सुटतात आणि मग एखाद्या किरकोळ झटक्याने सगळा टायर फाटतो. म्हणजे "गरम होऊन फुटेल" म्हणून हवा कमी करायची आणि त्यामुळेच टायर जास्त गरम होणार.

अजून एक चूक फार कॉमन आहे. दुपारी पंपावर थांबलो, गेज लावला, ३८ दिसले, घाबरून ३३ वर आणले. त्या वेळी आतली हवा ५२ अंशांच्या आसपास असेल तर तोच टायर दुसऱ्या दिवशी पहाटे थंड झाल्यावर २९ दाखवणार! परतीचा सगळा प्रवास त्या २९ वर. त्यामुळे प्रेशर चेक करायचं ते सकाळी निघायच्या आधी, गाडी किमान तीन तास उभी असताना. गरम टायरमधली हवा काढायची नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी खूप झालं.

समृद्धीचं वेगळं सांगायला हवं. ७०१ किलोमीटरचा रस्ता, नागपूर ते शिर्डी ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि जून २०२५ पासून थेट भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत खुला आहे, कारला १२० ची लिमिट. सिमेंटच्या रस्त्यामुळेच टायर फुटतात असं सर्रास बोललं जातं, पण माझ्या मते मोठं कारण आहे न तुटणारा स्पीड. जुन्या रस्त्याला गाव यायचं, स्पीडब्रेकर यायचा, मध्येच ट्रॅक्टर आडवा यायचा आणि टायरला थोडी उसंत मिळायची. इथे तासन् तास शंभरच्या वर. ६० च्या ऐवजी १२० ने गेलात की टायर सेकंदाला दुप्पट वेळा वाकतो, म्हणजे उष्णता पण जवळपास दुप्पट तयार होते. शहरात रोज ऑफिसला जाताना २७ पॉइंटवर काही झालं नाही म्हणून समृद्धीवर पण चालेल असं अजिबात समजू नका.

किती हवा भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. बऱ्याच गाड्यांना दोन आकडे असतात, एक दोन-तीन माणसांचा आणि एक फुल लोडचा. आजी-आजोबा, मुलं, बॅगा आणि येताना आंब्याच्या पेट्या असा बेत असेल तर फुल लोडचा आकडा घ्यायचा, त्यात मागच्या टायरला बहुतेक वेळा जास्त हवा सांगितलेली असते. नायट्रोजन भरला म्हणून टायर तापायचा थांबत नाही, साध्या हवेत पण ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि वरचा हिशोब दोघांना सारखाच लागू होतो. तो कोरडा असतो आणि जरा हळू गळतो, एवढाच फायदा.

टायरचं वय पण बघा, गोटा झालाय का एवढंच बघून थांबू नका. साइडला डीओटी लिहिलेल्या नंबरच्या शेवटी चार आकडे असतात, १४१९ असेल तर २०१९ सालचा चौदावा आठवडा. कमी चाललेल्या गाडीचे टायर वरून नवे दिसतात पण ऊन आणि हवेतला ऑक्सिजन रबराला आतून कडक करत राहतात, मग साइडवॉलला बारीक भेगा पडतात. असा टायर किंवा कुठे फुगा आलेला टायर घेऊन निघायचंच नाही. स्टेपनी तर आपण विसरूनच जातो. तिच्या साइजच्या आधी टी अक्षर असेल तर तिला साधारण ६० पॉइंट लागतात आणि तिच्यावर ८० च्या वर जायचं नाही.

कोकणात उतरणार असाल तर टायरइतकंच ब्रेकचं बघायला हवं. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला गाडी हजारएक मीटरच्या वर, जवळपास १२०० मीटर खाली येते. माणसं धरून गाडी १४०० किलोची असेल तर एवढ्या उतारात जी ऊर्जा सुटते तिने ३० अंशांचं ५० लिटरहून जास्त पाणी उकळीपर्यंत येईल. ही सगळी ऊर्जा नुसत्या ब्रेकने जिरवायची म्हटलं तर लायनर आणि डिस्क भयंकर तापतात. त्यात ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. नवं डॉट ४ ग्रेडचं ब्रेक ऑइल कमीत कमी २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषलेल्या ऑइलची हीच हद्द १५५ पर्यंत खाली येते. ते उकळलं की पाइपमध्ये वाफेचे बुडबुडे होतात, पेडल दाबलं की बुडबुडेच दबतात आणि ब्रेक लागतच नाही. म्हणून ऑइल दोन वर्षं जुनं असेल तर निघायच्या आधी बदलून घ्या आणि घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल करून पेट्रोल वाचतं हा पण गैरसमज आहे, आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंधन जवळपास बंदच होतं.

कुलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं थोडक्यात. सिस्टीम बंद असते आणि आत दाब असतो, म्हणून पाणी-कुलंटचं मिश्रण १२० अंशांच्या आसपास सुद्धा न उकळता राहतं. इंजिन हीट झालं म्हणून लगेच झाकण उघडलं तर दाब एका क्षणात जातो आणि सगळं एकदम उकळून अंगावर येतं, फार वाईट भाजतं. गाडी पूर्ण थंड होऊ द्या, त्याला तास लागला तरी चालेल. आणि बोअरचं पाणी टाकू नका, त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये बसतात.

वाटेत दर दीड-दोन तासांनी थांबाल तेव्हा चहाच्या आधी गाडीभोवती एक चक्कर मारा आणि चारही टायरच्या साइडला तळहात जवळ नेऊन बघा. सगळे गरम असणारच, उन्हाच्या बाजूचे थोडे जास्त, पण एकच टायर बाकीच्या तिघांपेक्षा चांगलाच तापलेला वाटला तर त्यात हवा कमी आहे किंवा त्या चाकाचा ब्रेक चिकटतोय. गेज लावा, आणि तापलेला असूनही स्टिकरच्या आकड्याइतकाच किंवा कमी दाखवत असेल तर पंक्चर आहे असंच धरा. तिथेच स्टेपनी लावता आली तर उत्तम, नाहीतर हवा भरून ६०-७० च्या स्पीडने पुढच्या एक्झिटला उतरा आणि पंक्चर काढून घ्या. चालत्या गाडीत टायर फुटलाच तर स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट सरळ धरा, ॲक्सिलरेटर सोडा, ब्रेकवर पाय देऊ नका, स्पीड आपोआप बराच उतरला की मगच हळूहळू डावीकडे घ्या.