परवाना आहे, गाडी मात्र येत नाही

विकसनशील देशांतील सरकारी कार्यालयांत लाच का चालते, असे विचारले की दोन उत्तरे हमखास मिळतात: पगार अपुरे आहेत, नाहीतर माणसेच तशी आहेत. ही दोन्ही उत्तरे किती अपुरी आहेत, हे दिल्लीत २००४-०५ मध्ये झालेल्या एका प्रयोगातून स्पष्ट दिसते.

वाहनचालक परवाना काढू इच्छिणाऱ्या ८२२ जणांचा अर्थशास्त्रज्ञांनी मागोवा घेतला. काहींना परवाना झटपट मिळवल्यास २,००० रुपयांचे बक्षीस कबूल केले, काहींना गाडी मोफत शिकवली, उरलेल्यांना काहीच दिले नाही. आणि परवाना हाती आल्यावर त्यांना पूर्वसूचना न देता स्टीअरिंगवर बसवून स्वतंत्र चाचणी घेतली. परवाना मिळालेल्यांपैकी सुमारे ७१ टक्के लोकांनी सरकारी चाचणी दिलीच नव्हती आणि सुमारे ६२ टक्के जणांना सुरक्षितपणे गाडी चालवता येत नव्हती. अधिकृत शुल्क ४५० रुपये होते, प्रत्यक्ष खर्च मात्र सरासरी १,१२० रुपयांच्या आसपास आला. हा वरचा पैसा बहुतांशी एजंटाकडे गेला, कारण एजंटाविना चाचणी देणाऱ्याला, गाडी उत्तम येत असली तरी, मनमानीने नापास केले जाई, आणि खेटे घालून थकलेला माणूस शेवटी एजंटच गाठे.

मला सर्वांत बोलका वाटतो तो पुढचा तपशील. गाडी न येणे ही एजंटांच्या दृष्टीने अडचणच नव्हती. वयाचा दाखला नसला की मात्र काम घ्यायला तयार होणारे कमी होत. दाखला फाइलमध्ये राहतो आणि उद्या कोणीही तो तपासू शकतो. उमेदवाराने गाडी कशी चालवली, याचा मात्र मागे काहीच पुरावा उरत नाही. निर्णय एकाच्या हातात, तो पडताळण्याची सोय नाही आणि नागरिकाला दुसरी खिडकी नाही, अशा जागी लाच रुजते.

पगाराचे काय? घानाने २०१० मध्ये पोलिसांचे पगार जवळजवळ दुप्पट केले. त्यानंतर महामार्गांवर ट्रकचालकांकडून होणारी वसुली घटली नाही, उलट वाढली. दक्षिण भारतातील कालव्यांवर संशोधन करणाऱ्या रॉबर्ट वेड यांनी १९८२ मध्येच दाखवले होते की पाटबंधारे खात्यातील अभियंते चांगल्या जागी बदली मिळावी म्हणून वर पैसे भरतात, आणि ते शेतकरी व ठेकेदारांकडून वसूल करतात. जिथे खुर्चीच विकत घ्यावी लागते, तिथे पगारवाढीने खुर्चीची किंमत तेवढी वाढते.