स्वरतंतूंसाठी उसनी नस

थायरॉईडच्या शस्त्रक्रियेनंतर एखाद्याचा आवाज क्षीण आणि फुसफुसता होतो, बोलताना दम लागतो, पाणी पिताना ठसका लागतो, तेव्हा कान-नाक-घसा तज्ज्ञांचा पहिला संशय एका बारीक नसेवर जातो. स्वरयंत्राचे जवळजवळ सर्व अंतर्गत स्नायू हलवणारी ही रिकरंट लॅरिंजिअल नस मेंदूतून छाती-पोटापर्यंत उतरणाऱ्या व्हेगस नसेची शाखा आहे. तिचा मार्ग आडवळणाचा आहे. डावी नस छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि थायरॉईडच्या मागून पुन्हा वर चढते. म्हणूनच छातीतल्या गाठीचा परिणामही कधी कधी प्रथम आवाजावर दिसतो.

तुटलेल्या नसेची दोन टोके सूक्ष्मदर्शकाखाली शिवली की स्वरतंतू पुन्हा हलू लागेल, ही अपेक्षा साहजिक आहे. प्रत्यक्षात बहुधा तसे घडत नाही. नसेतले अक्षतंतू, म्हणजे संदेश वाहणारे सूक्ष्म धागे, दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढतात खरे, पण स्वरतंतू मिटवणाऱ्या आणि उघडणाऱ्या स्नायूंचे अक्षतंतू या एकाच नसेत मिसळलेले असल्यामुळे नव्याने वाढताना कोण कुठे पोहोचेल याचा नेम राहत नाही. श्वास घेतानाचा आदेश मिटवणाऱ्या स्नायूंनाही मिळतो, परस्परविरोधी ओढी एकमेकींना निष्प्रभ करतात आणि स्वरतंतू जागच्या जागी राहतो. तरीही शस्त्रक्रिया फुकट जात नाही, हे रुग्णांना क्वचितच नीट समजावून सांगितले जाते. नस मिळालेला स्नायू वाळत नाही, त्याचा ताण टिकतो, आणि असा भरीव स्वरतंतू मध्यरेषेजवळ राहिला तर निरोगी बाजूचा स्वरतंतू त्याला येऊन भिडतो. हालचाल न परतताही आवाज परततो.

मूळ नसेचे टोक हाती लागत नसेल, तर मानेतल्याच आन्सा सर्व्हायकॅलिस या नसेची शाखा जोडतात. मानेच्या पुढच्या पट्टीसारख्या स्नायूंना जाणारी ही शाखा काढल्याने फारसे बिघडत नाही. फिलाडेल्फियाचे शल्यविशारद चार्ल्स फ्रेझियर यांनी हा प्रयोग 1924 मध्येच मांडला होता. अमेरिकेतच रॉजर क्रमली यांनी 1980 च्या दशकापासून तो रुळवला. परिणाम दिसायला काही महिने लागतात, म्हणून तोवर स्वरतंतूत विरघळणारे जेल टोचून आवाज सावरतात. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या तुलनात्मक चाचणीत, स्वरतंतू बाहेरून आत ढकलणाऱ्या शस्त्रक्रियेपेक्षा नसजोडणीचा लाभ तरुण रुग्णांना अधिक झालेला आढळला, वयस्कांना नाही.

दोन्ही स्वरतंतू लुळे पडले, तर मात्र प्रश्न आवाजाचा नसून श्वासाचा असतो, आणि तेथे खरी हालचालच हवी. फ्रान्समधील रूआँ येथील जाँ-पॉल मारी यांनी त्यासाठी दोन वेगळ्या नसा वापरल्या. स्वरतंतू उघडण्याचे काम प्रत्येक बाजूचा एकच स्नायू करतो, आणि तो श्वास आत घेतानाच आकुंचन पावतो; म्हणून त्याला श्वासपटलाच्या (छाती आणि पोटामधल्या श्वासाच्या मुख्य स्नायूच्या) फ्रेनिक नसेचे एक मूळ मध्ये नसेच्या तुकड्याचे कलम घालून जोडले जाते, तर मिटवणाऱ्या स्नायूंना जिभेच्या नसेची एक छोटी शाखा दिली जाते. फ्रेनिकचे एकच मूळ घेतल्याने श्वासपटलाची उरलेली मुळे आपले काम चालू ठेवू शकतात. शस्त्रक्रिया दीर्घ आणि किचकट असल्यामुळे ती जगात मोजक्याच केंद्रांत होते. पण ती साधली, तर दर श्वासागणिक स्वरतंतू उघडतात आणि श्वासासाठी गळ्यात बसवलेली कृत्रिम नळी काढता येते.