60 वॅटची पेल्टियर प्लेट 60 वॅट उष्णता ओढत नाही

पेल्टियर प्लेट म्हणजे वीज दिली की एका बाजूची उष्णता दुसऱ्या बाजूला ओढणारी सिरॅमिकची पातळ प्लेट; टीईसी1-12706 हे तिचं एक मॉडेल. ‘टीईसी1-12706 ची एक प्लेट लावा, कॉम्प्युटरच्या वॉटर-कूलरचं पाणी बर्फासारखं गार’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. छापलेली 50-60 वॅटची क्षमता दोन्ही बाजू सारख्याच तापमानाला असतानाची. फरक 30 अंश झाला की ती जवळपास निम्मी. 66 अंशांच्या आसपास शून्य. शिवाय 12 व्होल्टवर प्लेट स्वतः 50 वॅटच्या आसपास वीज खाते, आणि तीही उष्णता होऊन गरम बाजूलाच येते.

65 वॅटच्या प्रोसेसरला चार प्लेटा घ्या. दोन-दोन सिरीजमध्ये जोडा, म्हणजे प्रत्येकीला 6 व्होल्ट. वीज साधारण 60 वॅट, म्हणून गरम बाजूला 125 वॅट बाहेर टाकावे लागतात. तिथे 240 मिमीचा रेडिएटर (पाण्यातली उष्णता हवेत टाकणारी जाळी) हवाच. प्लेटेला लावायच्या थर्मल पेस्टचा (उष्णता पुढे नेणारा लेप) थर पातळ ठेवा. स्क्रू आलटूनपालटून थोडे थोडे आवळा, एका कोपऱ्यावर जोर आला की सिरॅमिक तडकतं.

खरी अडचण ठाण्याच्या पावसाळ्याची. हवा 30 अंश, आर्द्रता 80 टक्के असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्याच्या खाली हवेतली वाफ पाणी होऊन धरते ते तापमान, 26 अंश. पाणी 20 वर नेलंत की नळीवर थेंब धरतात, ओघळून थेट मदरबोर्डवर. थर्मोस्टॅट 27-28 वर ठेवा. नुसत्या चांगल्या रेडिएटरवरही पाणी 35 च्या आसपास राहतंच. म्हणजे एवढी वीज सात-आठ अंशांसाठी.