मानेवरची सूज : हेड अँड नेक कॅन्सरच्या उपचारांनंतर

तोंड, जीभ, घसा, स्वरयंत्र यांच्या कॅन्सरचं ऑपरेशन किंवा रेडिएशन झाल्यावर मान, हनुवटीखालचा भाग, गाल नाहीतर घशाच्या आतल्या बाजूला लिम्फ, म्हणजे टिश्यूमधून नळ्यांवाटे वाहून जाणारं पाण्यासारखं द्रव, साचून जी सूज येते तिला लिम्फेडीमा म्हणतात. ही अगदी कॉमन गोष्ट आहे, तरी बऱ्याच पेशंटना उपचार सुरू होताना याबद्दल कोणी काही सांगितलेलं नसतं आणि मग सगळं संपलं म्हणून निवांत झाल्यावर दोन-चार महिन्यांनी गळा फुगायला लागला की घरात सगळ्यांचं धाबं दणाणतं.

होतं असं की शरीरातल्या एकूण लिम्फ नोड्सपैकी (लिम्फच्या वाटेवरच्या छोट्या गाठी) साधारण एक तृतीयांश डोकं-मानेच्या भागात असतात. नेक डिसेक्शन म्हणजे मानेच्या गाठी काढायच्या ऑपरेशनमध्ये यातले बरेच काढून टाकतात, रेडिएशनने लिम्फच्या उरलेल्या नळ्या आणि आजूबाजूचा टिश्यू कडक होतो, आणि दोन्ही झालं असेल तर विचारायलाच नको. लिम्फ तयार व्हायचं काही थांबत नाही, पण जायला वाट नसते. त्यात हे नुसतं पाणी नसतं, प्रोटीनही भरपूर असतं, म्हणून लघवी जास्त होण्याच्या गोळ्या घेऊन ही सूज उतरत नाही, पाणी थोडं कमी होईल पण प्रोटीन तिथेच राहतं आणि परत पाणी ओढून घेतं. हेच प्रोटीन महिनोन् महिने साचून राहिलं की आत फायब्रोसिस होतो, म्हणजे आधी मऊ असलेली जागा हळूहळू घट्ट, लाकडासारखी लागायला लागते. लवकर सुरुवात करा असं डॉक्टर सांगतात ते यासाठीच.

सूज सहसा उपचार संपल्यावर 2 ते 6 महिन्यांच्या दरम्यान दिसायला लागते, आणि सगळ्यात जास्त हनुवटीखाली, कारण तो सैल आणि खालचा भाग आहे. सकाळी उठल्यावर जास्त असते, दिवसभर उभं-बसतं राहून, बोलून, चावून-गिळून दुपारपर्यंत थोडी उतरते. बोटाने पाच-दहा सेकंद दाबून ठेवलं आणि खड्डा पडून तसाच राहिला तर त्याला पिटिंग म्हणतात. अमेरिकेतल्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरची जी श्रेणी वापरतात तिच्यात 1ए म्हणजे दिसणारी मऊ सूज पण खड्डा नाही, 1बी म्हणजे खड्डा पडतो पण सूज अजून उतरू शकते, 2 म्हणजे घट्ट झालीय आणि पूर्ण उतरत नाही, 3 म्हणजे कातडी-टिश्यूच बदललेत. पेशंटच्या दृष्टीने 1बी आणि 2 मधली रेघ महत्त्वाची, तिच्या अलीकडे असतानाच उपचार सुरू केले तर फायदा जास्त.

आतली सूज मात्र आरशात दिसत नाही. स्वरयंत्राच्या आजूबाजूला, घशाच्या मागच्या भिंतीला, जिभेच्या मुळाशी ती असते आणि मग आवाज जड होतो, घास अडकतो, सारखा घसा खाकरावासा वाटतो, क्वचित श्वासाला त्रास. ती नाकातून दुर्बीण घालूनच कळते. 2012 साली छापून आलेल्या एका अमेरिकन अभ्यासात उपचार संपून तीन महिने किंवा जास्त झालेल्या 81 पेशंटपैकी जवळपास 75 टक्क्यांना कुठली ना कुठली सूज सापडली, आणि त्यातल्या निम्म्यांना आतून-बाहेरून दोन्ही. त्यामुळे मान बारीक दिसतेय म्हणजे सगळं ठीक, असं धरून चालत नाही.

मसाज सुरू करायच्या आधी डॉक्टरला दाखवणं हे सगळ्यात पहिलं, यात सूट नाही. नवीन सूज म्हणजे दर वेळी लिम्फेडीमाच असं नसतं. कॅन्सर परत आलाय का, गळ्याच्या शिरेत गुठळी झालीय का, हे बघावं लागतं. मानेला रेडिएशन झालेल्यांमध्ये थायरॉइड मंदावणं खूप होतं आणि त्यानेही चेहरा सुजतो, म्हणून टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी दर 6 ते 12 महिन्यांनी करतात. एका-दोन दिवसांत झपाट्याने वाढलेली सूज, हाताला लागणारी नवीन कडक गाठ, लालसर गरम कातडी आणि सोबत ताप, असं काही असेल तर तेव्हाच दाखवायचं, अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. आणि श्वास घेताना घरघर नाहीतर शिट्टीसारखा आवाज येत असेल तर थेट इमर्जन्सी.

उपचाराला कम्प्लीट डिकन्जेस्टिव्ह थेरपी म्हणतात, सीडीटी. हलका मसाज, कॉम्प्रेशन, व्यायाम आणि कातडीची काळजी असे चार भाग. यातला मसाज, मॅन्युअल लिम्फ ड्रेनेज, 1930 च्या दशकात एमिल आणि एस्ट्रिड व्होडर या डॅनिश नवरा-बायकोने फ्रान्समध्ये बसवला. गंमत म्हणजे त्यांनी तो सुरू केला तो सतत सर्दी असलेल्या, मानेच्या गाठी सुजलेल्या लोकांवर, हातापायांच्या सुजेसाठी त्याचं नाव नंतर झालं.

मसाज हा शब्द ऐकून लोक जोर लावतात आणि तिथेच चुकतं. लिम्फच्या नळ्या कातडीच्या लगेच खाली असतात, त्यामुळे दाब इतकाच की कातडी सरकावी, खालचा स्नायू दाबला जाऊ नये. तेल लावत नाहीत कारण हात घसरतो आणि कातडी ताणली जात नाही. क्रमही उलटा वाटतो, सुजलेल्या जागेला हात सगळ्यात शेवटी. तुंबलेलं गटार जसं पुढच्या टोकाकडून मोकळं करतात तसंच, आधी पोटातून खोल श्वास, मग काखेतल्या गाठींवर हळू गोल, मग छाती, मग कॉलरबोनच्या वरचा खळगा, मग मान आणि नंतर हनुवटी-गाल, आणि प्रत्येक वेळी पाणी खाली काखेकडे ढकलत न्यायचं. गळ्यावर पुढून कडक व्रण असेल तर तिथून जबरदस्ती न करता मानेच्या मागच्या बाजूने वाट काढतात. कोणाला कुठली वाट लागू पडेल हे ऑपरेशन बघून थेरपिस्ट ठरवतो, दुसऱ्याचा व्हिडिओ बघून तसंच्या तसं करण्यात अर्थ नाही. इन्फेक्शन चालू असताना, हार्ट फेल्युअर कंट्रोलमध्ये नसताना, किंवा मानेतल्या कॅरोटिड धमनीत अडथळा असेल तर मानेवर हा मसाज करत नाहीत.

कॉम्प्रेशन म्हणजे हनुवटीखालून डोक्यावर जाणारा पट्टा, आत फोमचे तुकडे घातलेली पॅड, नाहीतर मापाने शिवलेला मास्क. रोज काही तास किंवा झेपेल तर रात्री झोपताना. पण गळ्याभोवती गोल आवळायचं नाही, आत श्वासनळी आणि कॅरोटिड दोन्ही आहेत, आणि ट्रेकिओस्टॉमी (श्वासासाठी गळ्याला पाडलेलं छिद्र) असेल तर पट्टा तिला सोडूनच बसवायचा. चेहऱ्यासाठी हवेच्या दाबाचं मशीनही मिळतं, अमेरिकेत त्याला 2016 मध्ये मंजुरी मिळाली, ते मदतीला चांगलं आहे पण पूर्णपणे हातांची जागा घेईल असं नाही.

व्यायामात मान आणि खांदे फिरवणं, तोंड उघडणं, जीभ टाळूला दाबणं, जोर लावून गिळणं हे सगळं येतं. स्नायू आकुंचन पावले की लिम्फला धक्का मिळतो, आणि आतल्या सुजेपर्यंत हात पोचत नसल्याने तिथे गिळण्याचे व्यायामच जास्त कामाचे, शिवाय ते सुटले तर गिळणंच बिघडत जातं. झोपताना पलंगाचं डोक्याकडचं टोक साधारण 30 अंश वर करतात. नुसत्या दोन-तीन उशा रचल्या तर हनुवटी छातीला टेकते आणि मानेत घडी पडून वाट आणखीच बंद होते. दाढीला इलेक्ट्रिक शेव्हर, कारण मान बधिर असते, ब्लेडने कापलेलं कळत नाही आणि सुजलेल्या कातडीत इन्फेक्शन पटकन पसरतं. मॉइश्चरायझर रोज, उन्हात मान झाकून.

फायदा किती होतो याचं बऱ्यापैकी मोठं उत्तर 2015 च्या एम. डी. अँडरसनच्या अभ्यासात आहे. 1,202 पेशंट बघितले, सीडीटीनंतर परत तपासलेल्या 733 पैकी 439 जण म्हणजे 60 टक्के सुधारले, आणि घरी नेमाने करणं हे सुधारण्याशी ठळकपणे जोडलेलं निघालं. क्लिनिकमधले सेशन शिकण्यापुरते, खरं काम रोज घरीच होतं, आणि कंटाळा येतो तोही घरीच. म्हणून टेपने ठरलेल्या जागी माप आणि त्याच उजेडात, एकाच वेळी काढलेला फोटो ठेवतात, आरशात रोज बघून फरक कळत नाही.

एवढं करूनही हनुवटीखाली पिशवी राहिलीच तर काही ठिकाणी तिथली चरबी लायपोसक्शनने काढतात, किंवा मायक्रोस्कोपखाली लिम्फची नळी बारीक शिरेला जोडतात, ज्याला एलव्हीए म्हणतात. ही नळी मिलिमीटरपेक्षाही बारीक असते त्यामुळे हे करणारे सर्जन मोजकेच, आणि रेडिएशनने नळ्याच उरल्या नसतील तर जोडायला काही सापडत नाही.