ब्लेफरोस्पॅझम

दोन्ही डोळ्यांच्या पापण्या मनाविरुद्ध, वारंवार आणि जोराने मिटत राहण्याचा विकार. डोळ्याभोवती गोलाकार पसरलेला ऑर्बिक्युलॅरिस ऑक्युलाय हा स्नायू पापणी मिटवतो. या विकारात त्याला नको तेव्हा आकुंचनाचे संदेश मिळत राहतात. हा डिस्टोनियाचा, म्हणजे स्नायू मनाविरुद्ध आकुंचन पावत राहण्याच्या विकाराचा, एक प्रकार असून मेंदूतील बेसल गँग्लिया या भागाच्या कामातील बिघाडाशी त्याचा संबंध जोडला जातो. बहुधा तो पन्नाशी-साठीत सुरू होतो आणि स्त्रियांमध्ये अधिक आढळतो.

जागरण, ताण किंवा जास्त कॉफीनंतर एखादी पापणी लवते, ते वेगळे. ते काही दिवसांत आपोआप थांबते. हेमिफेशियल स्पॅझममध्ये चेहऱ्याची एकच बाजू, गाल आणि ओठाच्या कोपऱ्यासकट, ओढली जाते. बहुतेक वेळा चेहऱ्याच्या नसेवर रक्तवाहिनीचा दाब आलेला असतो आणि हे झटके झोपेतही येऊ शकतात. ब्लेफरोस्पॅझम झोपेत शमतो. पापण्यांबरोबर जबडा आणि तोंडही ओढले जाऊ लागले, तर त्याला मेज सिंड्रोम म्हणतात. फ्रेंच चेताविकारतज्ज्ञ आंरी मेज यांनी १९१० मध्ये त्याचे वर्णन केले.

सुरुवात फसवी असते. डोळ्यांत काहीतरी खुपते, कोरडे वाटते, उजेड सोसवत नाही, उघडझाप वाढते. त्यामुळे अनेकांचा बराच काळ नुसते थेंब घालण्यात जातो. पुढे पापण्या काही सेकंद घट्ट मिटून राहतात, कधी त्याहून जास्त. नजर शाबूत असूनही माणूस तेवढा वेळ आंधळा होतो. गाडी चालवणे सुटते, रस्ता ओलांडण्याची धास्ती बसते, वाचन थांबते.

निदान रक्ततपासणीत किंवा स्कॅनमध्ये सापडत नाही. ते डॉक्टरांनी पाहून आणि ऐकून करायचे असते. इथेच रुग्णावर अन्याय होतो. तपासणीच्या खोलीत, बोलण्याच्या नादात, झटके पुष्कळदा कमी होतात. कानशिलाला बोट लावले, गुणगुणले किंवा काही चघळले, तरी काहींच्या पापण्या थोडा वेळ उघड्या राहतात. यावरून ‘हे मानसिक आहे’ असा निष्कर्ष काढणे चूक आहे. अशा युक्त्यांनी आराम पडणे हे उलट डिस्टोनियाचेच ओळखीचे लक्षण आहे. घरी त्रास होत असताना मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ डॉक्टरांना दाखवावा, त्याचा फार उपयोग होतो. मनोविकारांवरील काही औषधांमुळेही असा त्रास उद्भवतो, म्हणून चालू औषधांची यादीही सोबत न्यावी.

मुख्य उपचार बोट्युलिनम टॉक्सिन (बोटॉक्स) या स्नायू सैल करणाऱ्या औषधाच्या इंजेक्शनांचा. अमेरिकन नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट यांच्या संशोधनातून तो पुढे आला आणि १९८९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. बारीक सुईने डोळ्याभोवती काही ठिकाणी अल्प मात्रा टोचतात; काम काही मिनिटांचे. औषध नसेच्या टोकाशी अ‍ॅसिटिलकोलीन या, स्नायूला आकुंचनाचा संदेश देणाऱ्या रसायनाचा स्राव अडवते आणि स्नायू सैल पडतो. गुण काही दिवसांत दिसतो, साधारण ३ महिने टिकतो आणि मग पुन्हा टोचून घ्यावे लागते. पापणी खाली उतरणे, डोळा कोरडा पडणे, क्वचित एकाचे दोन दिसणे असे त्रास होऊ शकतात, पण ते तात्पुरते असतात. पहिल्या खेपेला मनासारखा गुण आला नाही म्हणून उपचार सोडू नये. मात्रा आणि जागा बदलून पुष्कळांना फरक पडतो.

क्लोनाझेपाम, ट्रायहेक्सिफेनिडिल यांसारख्या गोळ्यांचा लाभ मर्यादित असतो आणि गुंगीसारखे दुष्परिणाम सोसावे लागतात. इंजेक्शनांनी भागत नसेल, तर मिटवणाऱ्या स्नायूचा काही भाग काढण्याची शस्त्रक्रिया करतात. उजेडाचा त्रास असणाऱ्यांना एफएल-४१ या गुलाबीसर छटेच्या काचा सुसह्य वाटतात. कोरडेपणावर आणि पापण्यांच्या कडांच्या सुजेवर वेगळे उपचार करावेत, कारण त्या चुरचुरीने झटके वाढतात.

इंजेक्शन कधी घेतले, गुण कधी आला, कधी ओसरू लागला, याची नोंद तारखेनिशी ठेवावी. पुढची मात्रा आणि पुढची तारीख त्यावरूनच ठरवता येते.